हिरव्या फ्रॉकातली मुलगी

ताई, तू गेल्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. कंपनीच्या बसनं, नेहमीच्या सीटवर बसून, चाकणला. सगळ्यांना वाटलं, काय धीराचा माणूस आहे. धीरबीर काही नाही गं. घरी बसून काय करायचं ते कळत नव्हतं, एवढंच. लाइनवरून ब्रॅकेट येत होते, मी गेज लावून माप बघत होतो, बरे ते पुढे आणि वाईट ते बाजूला. दुपारी कँटीनमध्ये एक जण जवळ येऊन म्हणाला, ‘सर, ऐकून वाईट वाटलं.’ मी विचारलं, ‘कशाबद्दल?’ त्या बिचाऱ्याचाच चेहरा पडला.

आज वीस दिवस झाले. कालपर्यंत मला रडू आलं नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती, दाढी नियमित होत होती. तुझी भावजय सुमन माझ्याकडे चोरून बघायची, मी वर बघितलं की भांडी लावायला लागायची. तिला वाटत होतं माझं काहीतरी बिघडलंय. मलाही तसंच वाटत होतं, पण कुठे बिघडलंय ते सापडत नव्हतं.

आता लिहायला बसलोय, कारण मी तुझ्याशी खोटं बोललो होतो आणि ते सांगायच्या आधी तू निघून गेलीस. सगळं क्रमानं सांगतो. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी ऐक. आधीचं लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही मला, तुला माझी सवय माहीत आहे. तू म्हणायचीस, ‘अरे, बहिणीशी बोलतोयस, रिपोर्ट भरत नाहीयेस.’

पिंपरीच्या आपल्या दोन खोल्यांत भिंतीवर तीन चित्रं होती. एक कंपनीच्या गेटचं, शिफ्ट सुटल्यावर सायकलींचा लोंढा बाहेर पडतोय ते. एक पवनेच्या घाटाचं, पाण्यात बसलेल्या म्हशींचं. आणि एक चाळीतल्या नळाच्या रांगेचं, त्यात बायकांपेक्षा हंडे जास्त. खाली कुणाची सही नाही, नाव नाही. कुणी आलं की विचारायचंच, ‘कुणी काढली हो?’ अण्णा म्हणायचे, ‘कंपनीतल्या एकानं दिली,’ आणि पेपर उघडायचे. आई स्वयंपाकघरात निघून जायची. एवढं चांगलं चित्र काढणाऱ्या माणसाचं नाव आपल्या बापाला आठवू नये याचं मला कधी नवल वाटलं नाही. तुला वाटायचं.

आणि तुझी ती गोष्ट. मला कळायला लागल्यापासून मी ती ऐकतोय. एक खोली होती म्हणे, तिला रंगाचा वास यायचा. एक बाई तुझ्या केसांना तेल लावून लाल रिबिनी बांधायची. तुला एक हिरवा फ्रॉक होता, पुढे मोठा खिसा असलेला. आणि एक माणूस म्हणायचा, ‘हलायचं नाही, मग गूळ-शेंगदाणे.’ कुठली खोली, कुठली बाई, तुला काही सांगता यायचं नाही. आई प्रत्येक वेळी म्हणायची, ‘असा फ्रॉक तुला कधी नव्हताच. काहीतरी रचते ही पोरगी.’ मग तेच चालू झालं. रंजीची लोणकढी. शाळेत बाई काय म्हणाल्या ते तू सांगितलंस तरी लोणकढी. बारावीला कॉलेजात पहिली आलीस तेव्हा मी, तुझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेला शहाणा, विचारलं होतं, ‘खरं की लोणकढी?’ सगळे हसले होते. तूही हसलीस. तुला ते किती लागत होतं ते मला कधी दिसलं नाही, किंवा दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

अण्णा गेले आणि पिंपरीची खोली रिकामी केली, तेव्हा माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं चौथं चित्र निघालं. आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांगत होती. मी चादर सोडली. साधारण सहा वर्षांची मुलगी, आपल्याकडे बरीचशी पाठ केलेली, गालाचा थोडा भाग आणि एक कान तेवढा दिसतो. दोन वेण्या, लाल रिबिनी. हिरवा फ्रॉक, खाली घेराला पांढरी किनार. एक हात खिशात. समोर मोकळं रान आणि लांबवर कारखान्यांच्या शेड.

तू होतीस तिथंच जमिनीवर बसलीस. म्हणालीस, ‘ही मी.’

आई म्हणाली, ‘काहीतरीच तुझं. ठेव ते बाजूला.’ आणि तिनं पाणी मागितलं.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. ‘ताई, लहानपणी कधीतरी हे चित्र तू पाहिलं असशील, त्यावरून फ्रॉक डोक्यात बसला असेल. चित्र आधी, फ्रॉक नंतर.’ तू म्हणालीस, ‘उलटं आहे. फ्रॉक आधी, चित्र नंतर.’ बारा वर्षं हा एकच वाद आपण घातला. दिवाळीत, भाऊबीजेच्या ताटासमोर, आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून. आई गेली तरी संपला नाही. माझं म्हणणं तर्काला धरून होतं आणि तुझ्याकडे पुरावा नव्हता. मी क्वालिटी इन्स्पेक्टर, पुराव्यावर पोट भरणारा माणूस.

मग तू पुरावा शोधायला निघालीस. चिंचवडच्या फ्रेमवाल्याकडे चित्र नेलंस, त्यानं मागचा कागद काढला तर खाली मशिनच्या पॅकिंगची फळी. वर बाण, छत्रीचं चिन्ह, म्हणजे ही बाजू वर ठेवा आणि पावसात भिजवू नका. पुण्यात चित्रकलेच्या एका मास्तरांना दाखवलंस, ते म्हणाले हा चित्रकाराचा रंग नाही, लोखंडाला देतात तो रंग आहे. तू मला कामावर फोन केलास, ‘इन्स्पेक्टर, जरा येऊन बघ हा रंग कुठला ते.’ मी आलो आणि एका नजरेत सांगितलं. फ्रॉकचा हिरवा म्हणजे मशिनला मारायचा हिरवा, आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या लेथला तोच. पवनेचं पाणी म्हणजे मशिन ग्रे. चित्रकार पेंट शॉपमधला होता. तू टाळी वाजवलीस. बारा वर्षांत मी तुला केलेली तेवढी एकच मदत.

त्यानंतर तुझं जे सुरू झालं, अरे बापरे. रिटायर झालेल्या कामगारांचा मेळावा असो की कुणाचं लग्न, लोक जेवणाच्या रांगेत उभे आणि तू मोबाइल पुढे धरून, ‘हे चित्र ओळखता का?’ भाऊजी दोन पावलं लांब सरकून तुझे कोणीच नसल्यासारखे उभे राहायचे. मला सहा-सहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज यायचे. ते मी वेग वाढवून ऐकायचो, हेही आज सांगून टाकतो.

आणि सापडले तुला यशवंतकाका. अण्णांबरोबर एकाच खात्यात असलेले, आता मुलाकडे देहूरोडला. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मला पाठवलंस. ‘तू जा. आणि काय ते लगेच सांग मला, घरी जायची वाट बघू नकोस.’

गुरुवारी सुट्टी होती, मी गेलो. काका पंच्याऐंशीचे असतील. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मोबाइलवर गेटचं चित्र बघितलं आणि मांडीवर थाप मारली त्यांनी. ‘अरे हा तर सोपान! पेंट शॉपचा सोपान. माण गावचा. शिफ्ट सुटली की डब्याच्या तळाला उरलेला रंग खरवडून घ्यायचा, आणि फळ्यांवर हे असलं काढत बसायचा. पिंपरीत तुमच्याच चाळीत राहायला होता की. तुझ्या अण्णाचा जिवलग. पुढं काय झालं कुणास ठाऊक, माणला परत गेला, तिथून ये-जा करायला लागला. दोघं एकमेकांशी बोलायचे पण खाली मान घालून.’

बारा वर्षं तू ज्या नावासाठी वणवण केलीस ते नाव त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मी चौथं चित्र दाखवलं. काकांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, ‘ही त्याची पोरगी असणार. मंदा. तापानं गेली रे. सहा-सात वर्षांची होती. म्हणूनच चित्र स्वतःच्या घरात ठेवलं नसेल त्यानं. सोपानही जाऊन झाली की बरीच वर्षं. बायको आहे, कौसा. तिच्याकडे त्या पोरीचा एक फोटो नाही. त्या काळात पोरांचे फोटो काढत होतं कोण?’

बाहेर येऊन मी गाडीवर नुसता बसून राहिलो. म्हणजे ती तू नव्हतीस. चित्र मेलेल्या मुलीचं होतं, आणि तू लहानपणी ते कुठेतरी पाहिलं होतंस. माझंच खरं निघालं होतं. बारा वर्षांचा वाद मी जिंकलो होतो, आणि जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं.

आमच्याकडे एखाद्या मालाबद्दल शंका असली की त्याला टॅग लावून होल्डवर ठेवतात. पुढे सोडत नाहीत, भंगारातही टाकत नाहीत. योग्य वेळी बघू. मी तुझी बातमी होल्डवर ठेवली. तुझा गुडघा बरा होऊ दे, मग सांगू. जन्मभर जी गोष्ट तू धरून ठेवलीस ती फोनवर कशी काढून घेऊ? गंमत बघ, शंका घ्यायला हवी होती ती काकांच्या अंदाजावर. तो मी डोळे मिटून पास केला, आणि अडवून काय ठेवलं, तर तुला सांगणं.

रविवारी तुझा फोन आला. ‘गेला होतास का रे?’

‘नाही गं. ऑडिट आहे. वेळच नाही मिळाला.’

‘तुझं ऑडिट आणि माझा गुडघा, दोन्ही आता जन्मभर चालणार,’ असं म्हणून तू हसलीस. मग कैरीचं लोणचं पाठवते म्हणालीस. त्या शनिवारी भाऊजींचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला तुमच्या पिंपळे सौदागरच्या घरी, हॉलमध्ये खूप माणसं होती. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं प्रेमानंच सांगितलं, ‘रंजनाला गोष्टी रचायची भारी हौस.’ माणसं रडता रडता हसली. मीही मान हलवली. टीव्हीच्या वर ते चित्र होतं, आणि पाठ केलेली ती मुलगी आमच्या कुणाकडेच बघत नव्हती. सगळे गेल्यावर मी भाऊजींना सांगितलं की ही दुसऱ्याची मुलगी आहे, तिची आई अजून आहे, आणि तिच्याकडे मुलीचा फोटोसुद्धा नाही. भाऊजी चित्राजवळ गेले. मग विचारलं, ‘हिला माहीत होतं?’ मी म्हणालो, ‘नाही.’ म्हणाले, ‘बरं झालं.’ त्यांनी स्वतः स्टूलवर चढून चित्र काढलं आणि तुझ्या शालीत गुंडाळून दिलं. भिंतीवर तिथं पांढरा चौकोन राहिला.

काल गुरुवार होता. मी माणला गेलो. काचेच्या बिल्डिंगांच्या मागे गाव आहे अजून. तीन मजली घर, वरच्या मजल्यांवर आयटीतली पोरं भाड्यानं, जिन्यात सगळीकडे बूट. खाली ओट्यावर कौसाकाकू मेथी निवडत बसली होती. एवढीशी बाई, पदर डोक्यावरून. मी अण्णांचं नाव सांगितलं, तिनं हात थांबवला.

‘दामूभाऊचा ल्योक? पाळन्यातला?’

आता अठ्ठावन्न वर्षांच्या माणसानं याला काय उत्तर द्यायचं? मी ‘हो’ म्हणालो आणि शाल सोडली. ‘काकू, सोपानकाकांनी काढलेलं तुमच्या मंदाचं चित्र आहे. तुमचं तुम्हाला द्यायला आलोय.’

तिनं पदराला हात पुसले, चित्र मांडीवर घेतलं. रडेल म्हणून मी तयारीत होतो. पण तिनं चित्र उजेडाकडे केलं. मग खाली घेरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘ही मंदा न्हाई.’

‘काकू, नीट बघा.’ एका आईला मी म्हणतोय, नीट बघा!

‘नीट काय बगू? फ्रॉक मंदाचा हाय. मीच शिवलेला. पोरगी तुमची हाय. रंजी. मंदा उंच व्हती, बापावानी. ही बुटकी. घोट्यापातूर यायचा हिला. म्हून मी खाली दुमड घातली. कापायचा जीव व्हईना. हिरवा दोरा न्हवता घरात, पांढऱ्यानंच टाके घातले. ह्ये बग. त्यानं टाके बी काढल्यात.’

ताई, मी वाकून बघितलं. ती किनार नव्हती. ते टाके होते. लांबडे, हातानं घातलेले, एक थोडा तिरका. केसाएवढी चीर पकडतो म्हणून कंपनीत माझं नाव आहे. बारा वर्षं ते चित्र मी बघत होतो आणि ती पांढरी रेघ मला नक्षी वाटली. काढणाऱ्या माणसाला मात्र दिसले होते ते टाके, आणि ते त्याला महत्त्वाचे वाटले होते.

मग तिनं सगळं सांगितलं. माझा जन्म झाला तेव्हा आई तीन महिने अंथरुणाला खिळली होती. अण्णा शिफ्टला. तुला सांभाळायला शेजारच्या खोलीत कौसाकाकू. तिची मंदा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ‘रंजी सकाळधरनं माज्याकडंच. मी तेल लावायची, येनी घालायची. येक दिस पावसानं चिंब भिजून आली, आन् मी पेटीतला फ्रॉक काडून घातला तिला. मंग रोजच मागाया लागली. खिसा आवडायचा तिला. त्यात शेंगदानं भरायची.’ सोपानकाकांनी मुलगी गेल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. संध्याकाळी कामावरून आले, दारात तुला त्या फ्रॉकात बघितलं आणि फळी शोधायला लागले. ‘हलू नगं म्हनायचं, गूळ-शेंगदानं देतो. ती हलायचीच. चार दिस लागलं त्याला.’

आई बरी झाली आणि तुला न्यायला आली. फ्रॉक कुणाचा ते तिला माहीत होतं. ‘मेलेल्या पोरीचं कापड माज्या पोरीला!’ असं ओरडत तिनं दारातच तो तुझ्या अंगातून काढला आणि दाराशीच असलेल्या चुलीत घातला. तू रडत होतीस. ‘समदी चाळ गोळा झाली. लोक म्हनलं जातीचं कायतरी झालं. तसलं काय बी न्हवतं. ती आई व्हती, भ्याली. आता मला कळतंय. तवा न्हाई कळलं.’ दुसऱ्या दिवशी अण्णा जाऊन मान खाली घालून उभे राहिले. सोपानकाकांनी होती तेवढी चारही चित्रं त्यांच्या हातात दिली. म्हणाले, ‘पोरगी तुमची, चित्र तुमचं.’ आणि महिन्याभरात खोली सोडली.

मी ऐकत होतो आणि मला आपलं घर दिसत होतं. दर रविवारी बुद्धविहारात अण्णा बोलायचे, बाधा, नजर, भूतखेत सगळं थोतांड आहे, आपण ते सोडलंय. घरात लिंबू-मिरचीसुद्धा कधी टांगली नाही. आणि त्याच घरात आईनं भीतीपोटी एका आईसमोर तिच्या मेलेल्या मुलीचा फ्रॉक जाळला होता. हे ती कुणाला आणि कसं सांगणार होती? सांगायचं तर आधी भ्यालो होतो हे कबूल करायला हवं, आणि आपल्या घरात भ्यायला परवानगी नव्हती. म्हणून मग फ्रॉकच नव्हता. सोपान नावाचा माणूसही नव्हता. अण्णांनी तीन चित्रं भिंतीवर लावली, चौथं माळ्यावर ठेवलं आणि तोंड मिटलं. त्या दोघांनी आपापली लाज झाकली, आणि खोटारडी ठरलीस तू, सहा वर्षांची. आईचा राग येतोय मला, आणि तिची कीवही येतेय. तुला दोन्ही नसतं आलं. तू म्हणाली असतीस, ‘अगं बाई, एवढंच ना, मग सांगायचं नाही का.’

पण माझं काय, ताई? आईला लाज होती, अण्णांना मैत्री तुटल्याचं दुःख होतं. मला कसलं कारण होतं? यशवंतकाकांकडून निघाल्यावर मी तुला फोन केला असता तर तू घरात थांबली नसतीस. त्यांनी नुसतं ‘असणार’ म्हटलंय ना, मग त्या बाईलाच विचारू की, असं म्हणून तू भाऊजींना गाडी काढायला लावली असतीस, गुडघा गेला खड्ड्यात. तुझ्या घरापासून माण ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. त्या गुरुवारपासून तू गेलीस त्या शनिवारपर्यंत नऊ दिवस होते. त्या ओट्यावर तू बसली असतीस, तिनं तुला ओळखलं असतं. मला तुला दुखवायचं नव्हतं म्हणून मी ते नऊ दिवस घालवले.

काकूनं चित्र मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. विचारलं, ‘रंजी कशी हाय? तिला का न्हाई आनलं?’

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘आणतो पुढच्या आठवड्यात.’ इतकं सहज आलं होतं की मी घाबरलो. म्हातारी बाई, तिला कशाला आता त्रास, नंतर बघू. मग मी म्हणालो, ‘काकू, ताई गेली. एकोणीस दिवस झाले.’

तिनं मेथीची जुडी बाजूला सारली. आत कुणाचा तरी कुकर झाला, तीन शिट्ट्या झाल्या. मग म्हणाली, ‘म्हंजी माज्या दोगीबी गेल्या.’

तेव्हा मला रडू आलं. कसं आलं ते काही नीट सांगता येत नाही. परक्या ओट्यावर, जिन्यातून आयटीची पोरं कानात ते घालून वर-खाली करतायत, आणि मी हमसून हमसून रडतोय. काकूनं उगी म्हटलं नाही, डोळे पूस म्हटलं नाही. माझा हात धरून बसून राहिली. तिचे हात मेथीनं ओले होते.

जरा थांबलो तेव्हा तिनं विचारलं, ‘मंग? पुडं काय झालं तिचं?’

तिला काहीच माहीत नव्हतं. सहा वर्षांची, दारात उघडी रडत असलेली, तिथंच तिच्याकडची तुझी गोष्ट थांबली होती. मी सांगायला लागलो. शाळेत घातली. हुशार होती, पहिली यायची. मग स्वतः शिक्षिका झाली, तीस वर्षं शिकवलं. ‘कुनाला दिली? मानूस बरा हाय का?’ बरा आहे, म्हटलं, फार बोलत नाही. ‘पोरं?’ एक मुलगा, एक नात. नातीला वेण्या घालायची का, हेही विचारलं तिनं. चहा झाला, परत चहा झाला. मी तुझ्याबद्दल इतकं कधी कुणाशी बोललो नव्हतो. चित्र तिथंच ठेवून आलो. फ्रॉक तिच्या मुलीचा, आत तू, आता ते कुणाचं हे मी कशाला ठरवू? भाऊजींना सकाळी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मला ने तिथे.’ पुढच्या गुरुवारी जाऊ.

फ्रॉक आधी, चित्र नंतर. तू पहिल्यापासून खरं सांगत होतीस, ताई. जन्मभर मी तुला खोटी म्हणालो, आणि शेवटच्या फोनवर खोटं मी बोललो. मला माफ कर.